या घरचं वळण

पायजम्यात डावा पाय घालायला ती एका पायावर उभी राहिली आणि जांघेच्या हाडात कुणी सुरी फिरवावी तशी कळ गेली. कपाटाचं दार धरलं म्हणून पडली नाही. सातवा महिना. एक पाय पायजम्यात, दुसरा अधांतरी, आणि दारात सासूबाई.

"बसून घालावेत कपडे," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय. उभ्याउभ्या ढांगा टाकणं हे या घरचं वळण नाही."

या घरचं वळण तिला पहिल्याच आठवड्यात शिकवून झालं होतं. कपडे पलंगाच्या कडेवर बसून घालावेत. गाडीतून उतरताना गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम बाहेर काढावेत. जिना कठड्याला धरून चढावा, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवावेत, मगच पुढची. सासूबाई स्वतः तशाच चढत. चौथ्या पायरीवर थांबून मान वर करत, जणू खाली दर्शनाला गर्दी जमली आहे. शेजारीपाजारी त्यांना महाराणी म्हणत आणि त्या काही हरकत घेत नसत. सून दोन-दोन पायऱ्या ओलांडणारी निघाली, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. आता तीही कठड्याला धरून चढू लागली, तेव्हा उशिरा का होईना सुधारली, असं त्यांनी बहिणीला फोनवर कळवलं.

दुखण्याबद्दल घरात एकमत होतं. दुखणं नव्हतंच. सासूबाईंच्या मते त्यांच्या वेळी असलं काही नसायचं, बायका शेवटच्या दिवसापर्यंत कामं करायच्या. नवऱ्याच्या मते ती फार मनावर घेत होती. हाच नवरा मागच्या वर्षी बॅडमिंटन खेळताना घोटा मुरगळून चार दिवस पलंगावर होता, आणि त्याला पाण्याचा पेला द्यायला घरातली दोन माणसं पुरत नव्हती. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवसभर उभी असे. विभागप्रमुखांनी मोठ्या मनाने तिला खुर्ची मंजूर केली, आणि ती तळमजल्यावरून उचलून वर नेण्याची परवानगीसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून बाळाची प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं. "आणि माझी?" असं तिने विचारलं, तर त्यांनी पुन्हा एकदा पडद्यावर पाहिलं. होतं असं, म्हणाल्या. बाळ झालं की थांबेल.

आणि नाही थांबलं तर? तिला तेवढीच धास्ती होती. स्वतःचा पाय उचलता येत नाही, ती बाळाला उचलणार कशी? हे घरात विचारण्यात अर्थ नव्हता. तिने चार ठिकाणी फोन केले, गरोदर बायकांवर उपचार करणारी एक फिजिओथेरपिस्ट शोधली आणि वेळ ठरवल्यावरच घरी सांगितलं. सासूबाई बरोबर निघाल्या. मालीशवाल्यांचा काय भरवसा, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. नवऱ्याने गाडी चालवली आणि बाहेरच्या बाकावर मोबाइल काढून बसला.

फिजिओथेरपिस्टबाईंनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. याचीच तिला सवय नव्हती, त्यामुळे ती दोनदा अडखळली. मग बाईंनी तिला आडवं करून पुढून, मागून हाडांच्या सांध्यांवर दाबून पाहिलं. एका ठिकाणी ती ओरडलीच.

"इथंच ना?" बाई म्हणाल्या. "खरं दुखणं आहे हे. पुष्कळ जणींना होतं आणि त्याच्यावर उपचार आहेत. सोसत बसायचं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

बाईंनी तिला कमरेखाली बांधायचा पट्टा लावून दाखवला. बसल्या-बसल्या करायचे तीन व्यायाम शिकवले, दर आठवड्याला यायला सांगितलं. बसून करायचं काम द्यावं अशी विभागप्रमुखांच्या नावे चिठ्ठी लिहिली. मग रोजच्या वागण्यातल्या गोष्टी सांगायला घेतल्या. कपडे बसून घालायचे.

"हे मी सांगितलंय तिला," सासूबाई म्हणाल्या.

गाडीतून उतरताना गुडघे जुळवून, दोन्ही पाय एकदम.

"हेही मीच."

जिना एकेक पायरी. सासूबाईंनी आता खुर्ची पुढे ओढली होती. एवढी शिकलेली बाई आणि शेवटी सांगतेय काय, तर या घरचं वळण. त्यांनी सुनेकडे असं पाहिलं, की घे, आता तरी पटलं ना.

"आणि कुशीवर वळताना..." बाईंनी सुरुवात केली.

"गुडघे घट्ट आवळून वळायचं," सासूबाईंनी वाक्य पुरं करून टाकलं. "जरा फाकले, की अशी कळ येते, डोळ्यांपुढे काजवे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. सुनेला ती चौथी पायरी आठवली.

"काकू," बाई म्हणाल्या, "तुमचं कधीपासून दुखतंय?"

"मला कुठे काय होतंय?" सासूबाईंनी पर्स उघडली, आत पाहिलं, बंद केली. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि नवऱ्याने डोकं आत घातलं. आटपलं का, आई कंटाळली असेल, असं म्हणून त्याने ते पुन्हा बाहेर काढलं.

सासूबाई बंद दाराकडे बघत राहिल्या.

"हा पोटात होता," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून."