कबरीतली बारा मिनिटं

कबरीच्या तोंडावर दगड लागला आणि थोरला अंधारात चाचपडत शिडी उतरू लागला.

दगड प्लायवूडचा होता, वरून गोणपाट आणि राखाडी रंग. कबरीच्या तळाशी रंगमंचाच्या फळ्या कापून माणूस जाईल एवढं भोक ठेवलेलं होतं. थोरला गेली नऊ वर्षं चर्चच्या नाटकात येशूचं काम करत होता आणि दर वर्षी याच भोकातून खाली जात होता. वर बायका रडायच्या, पहारेकरी यायचे, पहाट व्हायची. तेवढ्या बारा मिनिटांत खाली कपडे बदलून पुन्हा वर यायचं. शिडी धरायला आणि पांढरा झगा चढवायला शिंपी असायचा.

पण आज क्रूसावर असतानाच थोरल्याला शिंपी दिसला होता. पाठ धरली म्हणून सुट्टी घेतलेला हा गृहस्थ दुसऱ्या रांगेत चांगला ताठ बसला होता. मग खाली कोण आहे? मरताना येशूच्या मनात असला प्रश्न असू नये, पण होता.

अंधारात कुणीतरी त्याचा घोटा धरला आणि पाऊल नेमकं पायरीवर टेकवलं.

"शेवटची पायरी मोडकी आहे, दादा. जपून."

धाकटा भाऊ होता.

सात वर्षं थोरला त्याच्याशी बोलला नव्हता. आईच्या शेवटच्या आजारात एक दुपार धाकट्याने तिच्याजवळ बसायचं होतं. 'पाच मिनिटांत आलो' म्हणून तो कोपऱ्यावर गेला आणि मित्रांच्या गप्पांत दीड तास रमला. परत आला तेव्हा आई गेली होती. घरात एकटीच. दफनाच्या वेळी थोरला चारचौघांसमोर म्हणाला, "माझ्यापुरता हासुद्धा आज मेला." माणूस शब्दाचा पक्का. त्यानंतर एखाद्या लग्नात धाकटा समोर आला, तरी तो भिंतीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघायचा. घरातल्या मुलांना काकाचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि सगळ्यांच्या आधी उठून जायचा.

आता उठून जायला जागा नव्हती. डोक्यावर फळ्यांवरून बायकांची पावलं वाजत होती. धाकट्याने टॉर्च दातांत धरला. थोरल्याच्या अंगाभोवतीचं कफन सोडलं, कपाळावरचं रक्त ओल्या फडक्याने पुसलं. हातांवरचा लाल रंग मात्र ठेवायचा होता, जखमा पुढेही लागणार होत्या. थोरला खांबासारखा उभा राहिला. 'हात वर कर' एवढंही त्याने सांगू दिलं नाही, आपणच केले.

झग्याची शेवटची गाठ मारून धाकट्याने तोंडातला टॉर्च काढला.

"मेल्यापासून उठेपर्यंत येशू काय करत होता रे, दादा? कबरीत झोपला असेल, दुसरं काय."

थोरला गप्प राहणार होता. पण दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारा माणूस तो. चुकीचं उत्तर कानावर पडलं की त्याला राहवायचं नाही.

"झोपला नव्हता," तो बोलून गेला. सात वर्षांतले पहिले शब्द. "खाली गेला होता. मेलेल्यांत."

"त्यांना भेटायला?"

"त्यांना न्यायला."

धाकट्याने खाली पडलेलं कफन गोळा केलं. मग म्हणाला, "मग आईकडेही आला असेल ना, दादा? त्या दुपारी? मी नव्हतो. दुसरं कुणीतरी असेल ना तिच्याजवळ?" त्याचा आवाज फाटला.

ती दुपार आपण एकट्यानेच उरावर वागवतोय, असं थोरल्याला सात वर्षं वाटत आलं होतं. धाकटा ती केव्हाच विसरला असणार, असंही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला लाज वाटली. वर्गात तो मुलांना एक चित्र दाखवायचा. अधोलोकाची दारं मोडून पडली आहेत आणि येशू एका म्हाताऱ्याला वर ओढून काढतो आहे. "नीट बघा," तो मुलांना सांगायचा, "त्याने हात धरलेला नाही, मनगट धरलंय. मेलेल्याला उलट पकडता येत नाही. धरायचं काम सगळं येशूलाच करावं लागतं." हे सांगताना दर वर्षी त्याला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

"असेल," तो म्हणाला. "ती एकटी नव्हती."

वर पेटीचे सूर सुरू झाले. त्याची वेळ झाली होती. फादरांनी तालमीत दहा वेळा बजावलं होतं, बाहेर एकट्यानेच यायचं, सगळा प्रकाश तुमच्यावर असेल, आसपास कुणी दिसता कामा नये. थोरला तीन पायऱ्या चढला आणि थांबला. खाली धाकटा दोन्ही हातांनी शिडी धरून, मान खाली घालून उभा होता.

"चल."

"मी? नाटकात माझं काम कुठे आहे, दादा? अंगावर हा मळका शर्ट. आणि शिडी कोण धरणार?"

"नको कुणी. चल म्हणतो ना."

धाकट्याने हात पुढे केलाच नाही. थोरला खाली वाकला आणि त्याने धाकट्याचं मनगट धरलं.

वर दगड सरकला, आणि कबरीतून दोन माणसं बाहेर आली.