एकही दुखापत नाही

आमच्या शाळेच्या बेसबॉल संघाला यंदा चक्क स्वतःचे कायरोप्रॅक्टर मिळाले. दर शुक्रवारी ते जिममध्ये टेबल मांडायचे, एकेकीचे मणके कडाकड मोडायचे आणि वर म्हणायचे, "बघ, कशी फुलासारखी झालीस!" आम्ही त्यांचं नाव कडकड डॉक्टर ठेवलं होतं.

माझी ताई संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. तिचा खांदा महिनाभर ठणकत होता, पण फायनल खेळायचीच म्हणून बया तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. शेवटच्या शुक्रवारी मात्र डॉक्टरांनी हात लावताच ती किंचाळली.

"हिचा खांदा गेलाय. दोन महिने चेंडू हातात धरायचा नाही," डॉक्टर म्हणाले. मग संघाच्या कोच सरांकडे वळून हळूच म्हणाले, "पण सर, आता माझ्या जाहिरातीच्या बोर्डावर काय लिहायचं हो?"

"ठरलंय तेच लिहा. मी बघतो काय ते," सर म्हणाले.

"आणि माझी फायनल?" ताईनं विचारलं. दोघांनाही ते ऐकूच गेलं नाही.

फायनलला मैदानाच्या तोंडाशीच डॉक्टरांचा भलामोठा बोर्ड झळकत होता: 'आमच्या उपचारांची कमाल! अख्ख्या हंगामात संघातली एकही खेळाडू जखमी नाही!'

 

त्यात खोटं काहीच नव्हतं, कारण ज्या मुलीला दुखापत व्हायची तिचं नाव सर त्याच दिवशी संघातून खोडायचे, आणि ताई तर पाचवी होती.