मध्यंतरातली घोषणा

कीर्तनमंडळ बंद करायचं, असं कमिटीच्या चारही म्हाताऱ्यांनी काल ठरवलं होतं. गुडघे गेले, उमेदही गेली. आज मध्यंतरात अध्यक्ष आनंदरावांनी तसं जाहीर करायचं होतं. मंडळातच शिकलेली नंदिनी हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून पहिल्यांदाच कीर्तनाला उभी होती. पूर्वरंग संपल्यावर आनंदरावांनी रिवाजाप्रमाणे तिला बुक्का लावला, हार घातला आणि पायांवर डोकं टेकवलं. ती दचकली. “काका, माझ्या पाया काहून पडून राहिले?” “तुझ्या नाही वं, नारदाच्या गादीच्या.” कंबर सरळ होईना, तेव्हा तिनंच हात दिला. धापा टाकत त्यांनी माइक धरला. “पुढच्या वर्षीचं कीर्तन याच तिथीला.” मागून सेक्रेटरी प्रेमिलाताई खेकसल्या, “बंद करायचं ठरलं ना, भाऊ?” “ठरलं. पण नमस्कार केलेली गादी कोणत्या तोंडानं मोडू?” “मग सतरंज्या तुम्हीच घाला!” कण्हत त्याही नंदिनीच्या पायांशी वाकल्या.