ओली लाकडं

तळ्याकाठचा तंबू सोडताना यार्मो म्हणाला, “आई, ही शेवटची खेप हं. ऐंशी झाली, आता जंगलात झोपायचं वय आहे का तुझं?”

निघताना मागून येणाऱ्यांच्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडून ठेवायची, ही तिथली रीत. हिल्कानं कुऱ्हाड उचलली आणि बर्चचे ओंडके फोडायला लागली. तळ्याचा निरोप घेतेय बिचारी, असं वाटून यार्मोचे डोळे भरून आले.

तो लाकडं रचायला गेला, तर हात ओले झाले.

“अगं आई, ही तर कच्ची आहेत! उद्या येणाऱ्यांनी पेटवायची कशी?”

“त्यांच्यासाठी सुकी सकाळीच रचलीत.”

“मग ही कुणासाठी?”

 

“यांना वाळायला वर्ष लागतं. पुढच्या उन्हाळ्यात मीच पेटवणार आहे, तू ये नाहीतर नको येऊ!”