हरणाबाईचा नवस

"आई, टाचंतला काटा काढ की आदी," बिरदेव खाटेवरून म्हणाला.

"आदी तुजं बगू. डोळं झाक."

बाभळीवर मेंढरांसाठी पाला तोडायला चढलेला बिरदेव खाली पडला, तो कमरेखाली लुळा झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच्याच हाडातल्या मगजातून स्टेम सेल काढून मणक्यात सोडल्या. उपचार अजून प्रयोगाचाच आहे, गुण येईल न येईल, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. त्यातलं 'येईल' तेवढं हरणाबाईनं पदरात बांधून घरी आणलं, आणि पोराच्या पायाला स्पर्श कळेपर्यंत आपण पायात चप्पल घालणार नाही, असं बिरोबाला बोलून बसली. आटपाडीच्या माळावर, मेंढरांमागं, भर उन्हाळ्यात. नवस बोलताना बाईनं निदान पावसाळा तरी गाठायचा.

पायाला रोज कापूस लावून बघा, असंही डॉक्टर म्हणाले होते. धनगराच्या घरात कापूस कुठला, म्हणून हरणाबाई लोकरीचा झुपका घेई. बिरदेवनं डोळ्यांवर टॉवेल टाकायचा, तिनं पायावरून लोकर फिरवायची आणि विचारायचं. तो रोज खरं तेच सांगे, "न्हाई."

आज डोळे झाकण्याआधी त्यानं जमिनीकडे पाहिलं. उंबऱ्यापासून खाटेपर्यंत आईच्या टाचेचं रक्त उमटलं होतं. मग त्यानं टॉवेल ओढून घेतला.

हरणाबाई लोकर घेऊन वाकली. तेवढ्यात काटा असा काही सलला, की ती मटकन खाली बसली. लोकर हातातच राहिली.

"लागलं," बिरदेव म्हणाला.

चुलीपुढे बसलेल्या त्याच्या बायकोनं, सोनमनं, सगळं पाहिलं होतं. ती काही बोलणार तोच सासूनं तिला डोळ्यांनी दटावलं.

"कुटं रं लागलं?"

"डाव्या अंगठ्याला. मऊ मऊ."

हरणाबाईनं हातातल्या लोकरीकडे पाहिलं. लहानपणी चोरून खाल्लेला गूळसुद्धा ज्याला कधी लपवता आला नाही, ते हे पोर.

"तितंच लावली हुती," ती म्हणाली.

"मग घाल की आता चपला."

सोनमनं दाराआडच्या चपला आणून दिल्या. हरणाबाईनं काटा उपसला, चपला घातल्या आणि त्याला दिसावं म्हणून अंगणात एक चक्कर मारली. बिरदेव हसला. पडल्यापासून तो हसलाच नव्हता. त्या हसण्यापायी तिनं असले सात नवस मोडले असते.

मग ती मेंढरांच्या वाडग्यामागं, बिरोबाच्या दगडापाशी गेली. सोनम मागोमाग आली.

"आत्ती, त्येस्नी काय बी कळलं न्हाई. नवस मोडला की."

"ठावं हाय."

हरणाबाईनं चपला काढून बाजूला ठेवल्या, दगडाला भंडारा लावला आणि डोकं टेकून हळू आवाजात म्हणाली, "देवा, त्ये खोटं मीच वदवलं त्येच्याकडनं. कोप करायचा त्यो माझ्यावर कर. त्येच्या पाठीत पेरलेलं अजून उगवायचं हाय."