लेपेकाच्या दारातली चटई

आईला असं कुणी बोलतं? काल जेवताना फेतुआओ सगळ्यांदेखत लेपेकाला म्हणाली, "तुला अक्षर वाचता येत नाही, तू माझ्या पुस्तकात नाक खुपसू नकोस." ऑकलंडच्या विद्यापीठात ती युरोपचा, वसाहतींचा, अख्ख्या जगाचा इतिहास शिकवते. जिभेला लगाम घालायला मात्र कुठे शिकली नाही.

भांडण त्या पुस्तकावरूनच. जर्मनीत वर्षानुवर्षं जुने सरकारी कागद चिवडून पोरीने लिहिलं, की सामोआवर जर्मनांचं राज्य होतं तेव्हा लेपेकाच्या आजोबांना त्यांच्या हाती दिलं ते तापुलोआच्या आजोबांनी. आणि तापुलोआ म्हणजे आज गावचा थोरला सरदार! पंचांनी बजावलं: आज दुपारपर्यंत शब्द मागे घ्या, नाहीतर अख्ख्या घराने गाव सोडा.

"घे गं मागे," लेपेका म्हणाली होती. "या वयात मी कुठे जाऊ?"

"खोटं लिहिलं असतं तर घेतलं असतं."

सकाळी लेपेका बाहेर आली, तर दारासमोर कुणीतरी चटई पांघरून बसलेलं. सामोआत अपराधी असाच येतो, ज्याला दुखावलं त्याच्या दारात, चटईखाली मान घालून. घरच्याने चटई उचलली की माफी झाली.

लेपेकाचा जीव भांड्यात पडला. आली वठणीवर! आत्ता आईपुढे वाकली, दुपारी पंचांपुढे वाकेल. घर वाचलं.

पण लगेच उचलायची? छे!

"बस जरा," ती फतकल मारून म्हणाली. "आईला अडाणी म्हणतेस काय? आणि ही लाल पिसांची चटई कुणाची उसनी आणलीस? खांदे बघ, पोसलेल्या डुकरासारखे! खुर्चीत बसून दुसरं काय होणार? आता का वाचा बसली?"

चटईखालून हूं नाही की चूं नाही. पोरीने एवढं मुकाट कधीच ऐकून घेतलं नव्हतं. लेपेकाला फार बरं वाटलं.

ऊन चढलं. आता पुरे म्हणून ती उठली, तोच मागून कोकोचा वास आला.

"आई, सकाळी सकाळी कुणाला झोडतेस?" फेतुआओ पेला घेऊन दारात उभी होती.

लेपेकाने चटई उचलली.

खाली तापुलोआ. पांढरं डोकं जमिनीला टेकलेलं.

लेपेका लेकीकडे वळली.

"फेतुआओ, आता गावात कुणापुढे वाकायचं नाही. माझी माफी मात्र आत्ताच मागायची."