आठ एमबीत बसेल तेवढं

"काकू, आठ एमबीच्या वर एक अक्षरही बसत नाही," दवाखान्यातली तंत्रज्ञ तन्वी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. "हे अपडेट सक्तीचं आहे. ते घालायचं तर आतलं काहीतरी काढावं लागेल."

निखिलच्या मेंदूतली चिप त्याला रोज सकाळी नव्याने जागं करायची. त्या आठ एमबीत भरलेलं असेल तेवढंच त्याला ठाऊक असायचं. कालचं काही उरायचं नाही. प्राजक्ताने यादी पाहिली. गिळणं, चालणं, बोलणं, घर, बायको, मुलगी. आणि सगळ्यात मोठा भाग मुलीच्या, ईराच्या मृत्यूचा.

"एका वाक्याची तर गोष्ट आहे. तिला एवढी जागा?"

"त्याला बरंच काही चिकटलेलं असतं, काकू."

तो भाग प्राजक्तानेच हट्टाने घालून घेतला होता. त्याआधी महिनाभर रोज सकाळी तीच नवऱ्याला सांगायची, की आपली ईरा गेली. आणि रोज तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळायचा.

"मग मला काढ त्यातून," ती म्हणाली.

"तुमचा भाग लहान आहे. तेवढ्याने भागणार नाही."

प्राजक्ताने मोठा भाग काढायच्या संमतीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी निखिल उठला तो हसतच. दोन वर्षांत पहिल्यांदा. चहाचा कप हातात घेत म्हणाला, "ईराला उठव गं, कॉलेजला उशीर होईल तिला."

प्राजक्ता आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. घडी न मोडलेल्या चादरीकडे बघत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ईरा, ऊठ बाळा."